भगिनी एक

आबाकाकांनी करंगळीने सीडीच्या वेष्टनावर कुंकू लावलं, वर चार अक्षता टाकल्या आणि हात जोडले. पाटावर मोजणीची साखळी होती, पितळी होकायंत्र होतं, विळी होती, काकूंची शिवणाची कात्री होती. आणि या सगळ्यांच्या पुढे, लाल खणाच्या तुकड्यावर, एकतीस सीडींची चळत.

"आबाकाका," मी विचारलं, "यातली एखादी कधी चालवून बघितलीय?"

"चालवून म्हणजे?"

"म्हणजे उद्या संकेतस्थळ बंद पडलं, तर या सीडीतून ते पुन्हा उभं राहतं का?"

त्यांनी झेंडूचं फूल चळतीवर नीट मधोमध ठेवलं. "ऋजुता, देवाला नैवेद्य दाखवल्यावर त्यानं तो खाल्ला का, असं विचारतेस का तू?"

स्वयंपाकघरातून मनूआत्याचा आवाज आला. "तिनं कशाला विचारायला हवं? खातोस तूच ना तो!"

बारा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. सातारा, आबाकाकांचं घर, सकाळचे साडेदहा. आत्या कडाकण्या तळत होती. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि काकू गेल्यापासून सणावारी भावाच्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची. आबाकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. मोजलेली गोष्ट पुन्हा मोजायची नाही आणि न मोजलेली बोलायची नाही, हा त्यांचा बाणा.

आमच्या कुसगावकरांचा कुलवृत्तांत त्यांनीच लिहिला होता, सत्त्याऐंशी साली. एसटीने आणि सायकलने गावोगाव फिरून त्यांनी अकरा पिढ्या गोळा केल्या. प्रत्येक पुरुषाचं नाव, गाव, व्यवसाय. सुना त्यांच्या माहेरच्या आडनावासकट नावानिशी. लेकींची मात्र फक्त संख्या. तेव्हाची रीतच तशी होती. लेक परक्या घरची, ती त्या घरच्या पुस्तकात सापडेल. त्या घरच्या पुस्तकात ती सून म्हणून सापडायचीही. पण तिची मुलं, तिचं शिक्षण, तिची नोकरी यांतलं काही आमच्याकडे नव्हतं.

पुढे सिंगापूरला असलेल्या निखिलदादाने या पुस्तकाचं संकेतस्थळ करून दिलं. आणि मनूआत्याने सहा वर्षं खपून गोळा केलेल्या लेकी त्यात घातल्या. ती टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर होती. फोन करायचा, समोरच्या बाईला बोलती करायचं आणि त्याच वेळी लिहून घ्यायचं, हे तिला श्वास घेण्याइतकं सोपं. ती पाठकोऱ्या कॅलेंडरच्या पानांवर लिहायची आणि मी ते रविवारी येऊन संगणकावर चढवायचे. सहाशे एकेचाळीस लेकी झाल्या होत्या.

कुलमंडळाला हे फारसं रुचलं नव्हतं. नव्या आवृत्तीची पानं वाढतील, अशी कुरकुर होती. शेवटी बरीच वादावादी होऊन ठराव झाला: भाऊबीजेच्या संमेलनाच्या दिवशी संकेतस्थळावर जे असेल ते, आणि तेवढंच, नव्या आवृत्तीत छापायचं. पहिल्या आवृत्तीनंतर दुसरी यायला सव्वीस वर्षं लागली होती. तिसरी पाहायला आत्या काही थांबणार नव्हती. ती एकाहत्तर वर्षांची होती आणि हा हिशेब तिनेच मला एकदा हसत हसत करून दाखवला होता.

भाऊबीजेला तेवीस दिवस होते.

माझा प्रश्न आबाकाकांना लागला होता. दर महिन्याच्या एक तारखेला ते संगणकावरचं 'बॅकअप' लिहिलेलं बटण दाबायचे, जी फाइल तयार होईल ती सीडीवर उतरवायचे आणि वेष्टनावर तारीख, तिथी आणि फाइलचा आकार लिहायचे. मोजणीच्या नकाशावर लिहितात तशा बारीक, सरळ अक्षरात. एक महिना चुकला नव्हता.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तुमच्यावर आहे. सीडीवर नाही," मी म्हटलं. "आमच्या लॅबमध्ये बघा, विरजणाच्या जंतूंच्या नळ्या वाळवून गोठवून ठेवतो. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, पांढरी भुकटी. दर सहा महिन्यांनी प्रत्येक तुकडीतली एक नळी फोडून कोमट दुधात घालतो. दही लागलं तर तुकडी जिवंत."

मी तेव्हा एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेत होते. एकोणतीस वर्षांची होते आणि आपण बरोबर आहोत याबद्दल मला सहसा शंका नसे.

"आणि नाही लागलं तर?"

"तर फेकायची. पण निदान कळतं तरी."

"दादा, बघू दे की तिला," आत्या आतून म्हणाली. "तुझी सीडी काय लाजाळू आहे का?"

आबाकाका उठले. चळतीतली सगळ्यात वरची, ताजी सीडी त्यांनी उचलली, फुंकर मारून अक्षता उडवल्या आणि माझ्या हातात दिली. "घे. कर खात्री. पण मग पुन्हा विचारायचं नाही."

मी सीडी घातली. 'बॅकअप'च्या शेजारी दुसरं बटण होतं, 'रिस्टोअर'. अडीच वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. मी ते दाबलं. पडद्यावर चौकट आली: सध्याची सर्व माहिती पुसून बॅकअपमधली माहिती भरली जाईल. हो की नाही?

इथे मी थांबले. थांबले हे मला पक्कं आठवतं, कारण आमच्या लॅबमध्ये दुसराही एक नियम होता. परीक्षेसाठी फोडायची ती वेगळी नळी. जिच्यावर आज काम चाललंय तिला हात लावायचा नाही.

"काय झालं?" आबाकाका म्हणाले.

"इथलं सगळं आधी पुसलं जाणार आहे."

"मग? सीडी आहे ना!"

आणि मी 'हो' दाबलं.

हिरवी पट्टी सरकत सरकत भरली. 'काम यशस्वी झाले' असं आलं. आबाकाकांनी खुर्चीत मागे रेलून हात पोटावर बांधले. "झालं समाधान? बघ, कुठलंही पान उघड."

मी त्यांचंच उघडलं. 'दत्तात्रेय गोविंद कुसगावकर. जन्म सातारा. भूमापक. भार्या सरस्वती, माहेर ओगलेवाडीचे शिराळकर. पुत्र २. भ्राते २. भगिनी १.'

मी माझ्या वडिलांचं पान उघडलं. 'कन्या १.'

मग आजोबांचं, मग आणखी एक, मग आणखी एक. सगळी माणसं जागच्या जागी होती. अकरा पिढ्या, स्वल्पविरामासकट. आणि सगळीकडे आकडे होते. कन्या २. कन्या ४. भगिनी ३.

"आबाकाका," मी म्हटलं. "लेकी नाहीयेत."

"नाहीयेत म्हणजे? खाली असतील."

खाली नव्हत्या. वरही नव्हत्या. त्यांनी मला बाजूला सारून स्वतः माउस घेतला. मग मागच्या महिन्याची सीडी घातली, मग त्याच्या मागच्या. अकरा सीडी आम्ही बघितल्या. मग मी बघणं थांबवलं आणि सगळी वेष्टनं टेबलावर ओळीने मांडली. पहिल्या पाच सीडींवर आकार थोडा थोडा वाढत गेला होता. पुढच्या सव्वीस महिन्यांवर एकच आकडा. ११.४. ११.४. ११.४. त्याच सव्वीस महिन्यांत मी दर रविवारी येऊन लेकी चढवत होते. वाढत्या पोराचं वजन दोन वर्षं तिळभर हललं नव्हतं आणि ते दर महिन्याला सुंदर अक्षरात लिहून ठेवलेलं होतं.

मी निखिलदादाला फोन लावला. तो जेवत होता.

"अगं, लेकींचा भाग आपण नंतर जोडला ना?" तो म्हणाला. मग चावायचा थांबला. "बॅकअपच्या यादीत तो घालायला हवा होता. राहिलाच."

"संकेतस्थळ ज्यांच्याकडे ठेवलंय त्यांच्याकडे प्रत नसेल?"

"ते ठेवत नाहीत. आपली आपण ठेवायची." मग तो म्हणाला, "पण तू रिस्टोअर चालू साइटवर का केलंस?"

मी फोन ठेवून दिला.

आत्या ताटलीत कडाकण्या घेऊन बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं वेष्टनांच्या ओळीसमोर बसलो होतो. तिने आधी आमच्याकडे आणि मग पडद्याकडे पाहिलं. तिथे आबाकाकांचं पान पुन्हा उघडलेलं होतं. पदराने चष्मा पुसून ती वाकून वाचायला लागली.

"भगिनी एक," ती म्हणाली. "ही मीच ना रे?"

आबाकाकांनी माउस हातातून सोडला.

"आत्या, माझ्या हातून झालं," मी म्हटलं. "मी बटण दाबलं. सीडीत लेकी नव्हत्याच आणि इथल्या होत्या त्या पुसल्या गेल्या."

"किती?"

"सगळ्या. सहाशे एकेचाळीस."

"तुझ्यासकट?"

"माझ्यासकट. तुझ्यासकट."

तिने ताटली टेबलावर ठेवली, आत गेली, गॅस बंद केला आणि परत आली. या सगळ्याला एक मिनिटही लागलं नसेल. मला वाटलं, ती आता रडेल. मी स्वतः रडायच्या बेतात होते.

"माझे कागद काढ," ती भावाला म्हणाली. "कॅलेंडरचे. तुझ्या कपाटात ठेवले होते ते."

आबाकाकांनी कडाकणी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवली. "गणपतीच्या आवराआवरीत..."

"रद्दीत?"

"तूच म्हणालीस, कपाट मोकळं कर म्हणून."

"मी म्हणाले, तुझे जुने कोट काढ. कागदांचं मी विचारलं होतं, तेव्हा तू काय म्हणालास?"

आबाकाका अगदी हळू म्हणाले, "सीडी आहे ना."

आत्या खुर्चीत बसली. एक कडाकणी मोडून तिने अर्धी मला दिली, अर्धी भावाला दिली. मग खांदे हलवत ती चक्क हसायला लागली.

"अरे, तोंडं काय पाडून बसलाय? मेल्यात का त्या? कुठं जातील? असतील आपापल्या घरी."

"असतील गं," मी म्हटलं, "पण सहा वर्षांचं काम..."

"तिळगूळ विसरलीस?"

मी खरंच विसरले होते. गेल्या दोन संक्रांतींना, ज्या ज्या लेकीचं पान पूर्ण झालं होतं त्या प्रत्येकीला आत्याने ते पान छापून टपालाने पाठवलं होतं. लेक, तिच्या बहिणी, तिच्या मुली, नाती, सगळं एका कागदावर. सोबत प्लॅस्टिकच्या पुडीत तिळगूळ. आणि खाली लिहिलेलं: चूक असेल तर लाल शाईने दुरुस्त कर आणि जपून ठेव. एकशे ऐंशी पाकिटांवर मीच पत्ते लिहिले होते. मुंग्या लागतील म्हणून वैतागलेही होते.

"पण ते तर त्यांच्या घरी आहेत," आबाकाका म्हणाले.

"मग कुठं असायला हवेत? तुझ्या कपाटात?" आत्या म्हणाली. "दादा, आई विरजण बिघडलं की काय करायची? वाटी घेऊन शेजारी जायची. शेजारणीकडे विरजण आलेलं कुठून? आपल्याच घरून. तुझ्या लाल फडक्यातून कधी आणलं होतं का तिनं?"

दूधसंघात पाच वर्षं मी विरजणांवरच काम करत होते आणि हे मला सुचलं नव्हतं.

आत्याने फोन पुढे ओढला. दुपारचे बारा वाजत होते. तिची नंबरांची वही तिच्या पिशवीतच होती, पण ती तिला क्वचितच लागली.

"हॅलो, शकू? मी मनू, सातारा एक्स्चेंज. संक्रांतीला पाठवलेला कागद कुठंय?"

फोनचा आवाज मोठा करायला लावून मी वही घेऊन बसले. पलीकडून बार्शीच्या शकूताई म्हणाल्या, "फ्रिजवर लावलाय. का गं?"

"वाच."

"आत्ता? कुकर लावलाय मी."

"तीन शिट्ट्यांत होईल. नऊच माणसं आहेत तुझी."

दोन शिट्ट्यांत झालं.

हुबळीच्या एका आजींनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवून घेऊन देव्हाऱ्यामागे ठेवला होता. इंदूरच्या एकीने हरवला होता, पण तिच्या धाकट्या बहिणीकडे तोच मजकूर होता, कारण दोघींची पानं एकमेकींत मिसळलेली होती. तसं पुष्कळ ठिकाणी निघालं. एक नाव दोन-दोन, तीन-तीन घरांत सापडायचं. एका घरी उंदराने कुरतडलं, दुसऱ्या घरी सुनेने धुण्यात टाकलं, तरी तिसऱ्या घरी ते सुखरूप होतं. कुणी फोनवर सांगितलं, कुणी मोबाइलवर फोटो पाठवले, कराडच्या एकीने जावयाच्या हाती मूळ कागदच धाडला. त्याला तिळगुळाचा पाक चिकटलेला होता.

मी दिवाळीपर्यंत रजा काढली. रोज सकाळी नऊला यायचं, संध्याकाळी सहाला उठायचं. आणि पहिल्याच दिवशी निखिलदादाकडून यादी दुरुस्त करून घेतली. आता रोजचा बॅकअप मी घ्यायचे आणि रोज तो माझ्या जुन्या, पूर्ण रिकाम्या केलेल्या लॅपटॉपवर चढवून बघायचे. मूळ संकेतस्थळाला हात न लावता. चढला, की नावं मोजायची. मगच घरी जायचं.

पहिले दोन दिवस आबाकाका आमच्यात नव्हते. व्हरांड्यात पेपर धरून बसायचे. एकच पान तासभर. तिसऱ्या दिवशी मी आत्याला विचारलं, "सगळ्या आल्या हे कळणार कसं? सहाशे एकेचाळीस हा आकडा मला आठवतोय, पण कुठल्या घरच्या किती, ते नाही."

पेपर खाली झाला.

"मला ठाऊक आहे," आबाकाका म्हणाले.

ते आत गेले आणि सत्त्याऐंशीचा कुलवृत्तांत घेऊन आले. त्यांची स्वतःची प्रत, कापडी बांधणीची. शिसपेन्सिलीला टोक करून ती कानावर ठेवली. "हे बघ. कुसगावची थोरली शाखा, महादेव रामचंद्र. कन्या तीन. किती आल्या?"

मी यादी बघितली. "तीन. गोदावरी, चंपू, बायजा."

त्यांनी आकड्यावर बारीक बरोबरची खूण केली. "पुढे. केशव महादेव. कन्या पाच."

"चार."

"एक कुठंय?" ते आत्याकडे वळले. "मनू, एक कमी आहे!"

"मग शोध की. सगळं मीच करू?"

आणि आबाकाकांनी, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, लेकीच्या चौकशीचा फोन केला. उभं राहून. "हॅलो, कोण, वहिनी का? मी सातारचा आबा. नाही नाही, सगळे बरे आहेत. वहिनी, एक विचारायचं होतं. म्हणजे, तुमच्या सर्वांत धाकट्या नणंदबाई... त्यांचं, हे, नाव काय?" पलीकडचं ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. फोनवर हात ठेवून ते आम्हाला म्हणाले, "विचारतायत, या वयात मला स्थळ बघायचंय का!"

आत्याला ठसका लागला. मी पाणी आणायला धावले.

पण मग ते थांबेनात. ज्या आकड्यांनी लेकींची नावं खाऊन टाकली होती, त्याच आकड्यांनी आता एकेक नाव परत मागायला सुरुवात केली. कन्या दोन म्हणजे दोन हव्यात. दीड चालणार नाही. हातात पुस्तक घेऊन ते वसुलीला निघाल्यासारखे फोन करायचे. अकराव्या दिवशी त्यांचा स्वतःचाच आकडा खोटा ठरला.

"विसापूर, सखाराम बाळकृष्ण, कन्या दोन," त्यांनी वाचलं.

"चार आहेत," मी म्हटलं. "त्यांच्या पणतीने लाल शाईत दोन वाढवल्यात."

"शक्य नाही. मी स्वतः विसापूरला गेलो होतो. सखारामपंत ओसरीवर बसून मला म्हणाले, दोन."

"स्वयंपाकघरात विचारलं होतंस का?" आत्या म्हणाली.

आबाकाकांनी पेन्सिल बराच वेळ बोटांत फिरवली. मग छापील २ वर रेघ मारून शेजारी ४ लिहिलं आणि खाली सही करून तारीख घातली. मोजणीत चूक निघाली की करतात तसं.

त्याच दुपारी मिरजेहून कुसगावकरांच्याच एका सूनबाईंचा फोन आला. लेकीला आलेला कागद वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मनूताई, एक विचारू? मला पहिली मुलगी झाली होती. सव्वा महिन्याची होऊन गेली. बारसं झालं होतं. तेव्हा मी सांगितलं नव्हतं. घालाल का?"

"नाव?"

"मृणाल."

"लिही, ऋजू," आत्या म्हणाली. मी लिहिलं. आबाकाकांनी पुस्तकात ते घर शोधलं आणि एकाचे दोन केले.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शेवटचं नाव आलं. मी रिकाम्या लॅपटॉपवर बॅकअप चढवला आणि मोजलं. सहाशे अडुसष्ट. गेल्या होत्या त्यापेक्षा सत्तावीस जास्त.

"चूक असेल," मी म्हटलं आणि पुन्हा मोजलं. सहाशे अडुसष्टच.

"तुझ्या दह्याचं कसं असतं?" आत्याने विचारलं. "चमचाभर घातलं तर चमचाभरच परत मिळतं का?"

त्या दिवशी मी निघताना आबाकाका म्हणाले, "तो लॅपटॉप इथंच राहू दे. भाऊबीजेपर्यंत." कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही, एकदा शहाणी झालेली, विचारलं नाही.

संमेलन भाऊबीजेच्या सकाळी एका मंगल कार्यालयात झालं. अध्यक्ष म्हणून पुण्याचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "ठरावाप्रमाणे आज संकेतस्थळावर जे आहे ते छापखान्यात जाईल. मात्र लेकींमुळे पानं बरीच वाढतायत. त्या भागाची सत्यता कुणी तपासली आहे का, की नुसतं बायकांचं ऐकून..."

आबाकाका तिसऱ्या रांगेत उठून उभे राहिले. कापडी बांधणीचं पुस्तक त्यांच्या काखेत होतं.

"मी मोजलंय," ते म्हणाले.

ज्यांनी पहिला कुलवृत्तांत लिहिला त्यांच्यापुढे कुणाला काही बोलायचं नव्हतं. अध्यक्षांनी कागदावर सही केली. मागे बायकांच्या रांगेत कुणीतरी जोरात टाळी वाजवली. मला वाटतं, त्या बार्शीच्या शकूताई होत्या.

जेवून आम्ही घरी आलो. आत्याने पाट मांडला, भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली, निरांजन लावलं. आबाकाका नवीन सदरा घालून पाटावर बसले. तिने त्यांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली. ओवाळायला तबक उचलणार, तोच आबाकाकांनी खिशातून एक सीडी काढली आणि तबकात निरांजनाशेजारी ठेवली. वेष्टनावर तारीख होती, तिथी होती, फाइलचा आकार होता: १९.२. आणि खाली, त्याच बारीक सरळ अक्षरात, 'मनोरमा गोविंद, टेलिफोन ऑपरेटर, सातारा, व इतर ६६७'.

आत्याने ते वाचलं. मग तबक तसंच ठेवून कमरेवर हात दिले.

"चालवून बघितलीस?"

"तीनदा," आबाकाका म्हणाले. "तीन दिवस, रोज एकदा. त्या रिकाम्यावर."

"मोजल्यास?"

"मोजल्या."

"बरं," आत्या म्हणाली आणि तिने तबक उचललं.